पदवीचें मोल : एक ऐतिहासिक विचार

वैशाख सरून ज्येष्ठ लागला कीं आमच्या मध्यम स्थितींतल्या घरोघरीं एकच प्रश्न चर्चेला येतो. मुलाला किंवा मुलीला कोणत्या कॉलेजांत घालावें, कोणती शाखा घ्यावी, आणि एवढा पैसा व एवढीं वर्षें खर्चून पदरांत पडणारी पदवी शेवटीं कांहीं उपयोगाला येईल कीं नाहीं? बाप फीचा हिशेब मांडतो, आई मुलाच्या तोंडाकडे पाहते, एखादे मामा आपल्या ओळखीच्या चार पदवीधरांचीं उदाहरणें देतात, आणि निर्णय बहुधा शेजारच्या मुलानें काय केलें यावर होतो. हा प्रश्न आपल्याच काळाला पडला आहे, पूर्वीं पदवी म्हणजे हमखास सोनें होतें, अशी एक समजूत या चर्चेच्या मुळाशीं असते. ती समजूत इतिहासाला धरून नाहीं. पदवीच्या मोलाची शंका जवळजवळ पदवीइतकीच जुनी आहे. आमच्या प्रांतांत ही पदवी कशी जन्मास आली, तिच्यापासून कोणाला काय मिळालें व काय मिळालें नाहीं, हें पाहिल्यास आजच्या निर्णयावर थोडा उजेड पडेल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, विद्या आणि पदवी या दोन वस्तु आपल्याकडे फार काळ निरनिराळ्या होत्या. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास दक्षिणा वांटली जाई, विद्वानांचा मान होई. परंतु त्या मानाचा शिक्क्याचा कागद घेऊन दुसऱ्या गांवीं नोकरी मागण्याची चाल नव्हती. इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टनसाहेबानें १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली. पुढें मुंबईस त्याच्याच नांवाची विद्यासंस्था उभी राहिली. १८३२ सालीं 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर आणि एल्फिन्स्टन संस्थेंत गणिताच्या प्रोफेसराची जागा मिळविणारे दादाभाई नौरोजी हे दोघेहि आपल्या काळचे अग्रगण्य विद्वान. पण दोघांच्याहि नांवापुढें युनिव्हर्सिटीचीं अक्षरें नव्हतीं, कारण त्यांच्या उमेदीच्या काळांत येथें युनिव्हर्सिटीच नव्हती. विद्येला पदवीची गरज नसते, ही गोष्ट या दोन नांवांवरून सिद्ध होते. मग पदवीची गरज कोणाला होती?

ती गरज सरकाराला होती. १८४४ सालीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड हार्डिंज यानें असा ठराव केला कीं, सरकारी जागा भरतांना इंग्रजी विद्या शिकलेल्या तरुणांस अग्रहक्क द्यावा. दहा वर्षांनीं, १८५४ सालीं, सर चार्ल्स वुड याचा प्रसिद्ध खलिता विलायतेहून आला. त्यांत लंडन युनिव्हर्सिटीच्या नमुन्यावर हिंदुस्थानांत युनिव्हर्सिट्या स्थापाव्या असें सांगितलें होतें, आणि शिकलेल्या माणसांस सरकारी नोकरींत पसंती द्यावी या धोरणाचा पुनरुच्चारहि होता. त्याप्रमाणें १८५७ सालीं, म्हणजे उत्तरेस बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षीं, कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन युनिव्हर्सिट्या कायद्यानें अस्तित्वांत आल्या. मुंबईचा कायदा १८ जुलैचा. या युनिव्हर्सिट्या आरंभीं शिकवीत नसत. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. युनिव्हर्सिटीचें काम परीक्षा घेणें आणि शिक्का मारणें. टांकसाळ जशी रुपयावर छाप मारते, पण चांदी खाणींतून काढीत नाहीं, तसाच हा प्रकार होता. पदवी आणि नोकरी यांचें लग्न मागाहून लागलें नसून दोघीं एकाच मांडवांत जन्मास आलीं, हें ज्यांस आठवतें त्यांस 'आजकाल मुलें नोकरीसाठींच शिकतात' या तक्रारींत नवें कांहीं दिसणार नाहीं.

आरंभीं या शिक्क्याचा भाव किती होता, याचें उदाहरण बंगालचें आहे. कलकत्त्यास १८५८ सालीं बी. ए.ची पहिली परीक्षा झाली. तींत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि यदुनाथ बोस असे दोघेच उत्तीर्ण ठरले, आणि तेहि एका विषयांत थोडे गुण कृपेनें वाढवून. त्याच वर्षीं बंकिमचंद्रांस डेप्युटी मॅजिस्ट्रेटची जागा मिळाली. मुंबईस १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली आणि १८६२ सालीं पहिले बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सबंध इलाख्यांत चार! जी वस्तु चौघांपाशींच असते तिची किंमत काय विचारावी? रानडे पुढें न्यायखात्यांत शिरले आणि १८९३ सालीं हायकोर्टाचे जज्ज झाले; भांडारकर त्याच साली युनिव्हर्सिटीचे व्हाइस-चॅन्सेलर झाले. आमच्या आजोबा-पणजोबांच्या मनांत पदवीचें जें तेजस्वी चित्र उमटलें, तें या चार नांवांवरून आणि त्यांच्या मागून आलेल्या थोडक्यांवरून. परंतु त्या तेजांत विद्येचा भाग किती आणि दुर्मिळपणाचा भाग किती, हें त्यांनीं वेगळें करून पाहिलें नाहीं. दुर्मिळपणा पुढें दर वर्षीं कमी होत जाणार होता.

आतां विषयनिवडीकडे वळूं. भांडारकरांचें नांव घेतांच संस्कृत डोळ्यांपुढें येतें. पण संस्कृताकडे ते वळले ते शिक्षणखात्याचे तत्कालीन डायरेक्टर हॉवर्ड यांच्या प्रोत्साहनानें, शाळेंतील अभ्यासाच्या ओघानें नव्हे. ज्या विद्येनें त्यांचें नांव युरोपांत गेलें ती त्यांनीं पुष्कळशी जुन्या शास्त्र्यांपाशीं बसून आणि स्वतःच्या मेहनतीनें कमावली. उलटपक्षीं जी विद्या येथल्या मुलाला सर्वांत जवळची, ती मराठी, युनिव्हर्सिटीच्या वरच्या परीक्षांतून आरंभींच्या थोड्याच वर्षांत काढून टाकण्यांत आली. म्हणजे ज्याला आपल्या भाषेचा अभ्यास करावयाचा असेल, त्याला त्या अभ्यासाची पदवी घेण्याची सोयच उरली नाहीं. रानड्यांनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत देशी भाषांस पुन्हा जागा मिळावी म्हणून सेनेटांत चिकाटीनें खटपट केली, आणि एम. ए.च्या परीक्षेंत मराठीचा शिरकाव झाला तो ते वारल्यावर, १९०१ च्या सुमारास. यावरून एवढें कळतें कीं, विद्यापीठाच्या यादींत जो विषय नाहीं तो हलका असतो असें नाहीं, आणि जो आहे तो भारी असतो असेंहि नाहीं. यादी माणसेंच करतात, आणि ती बदलवितातहि माणसेंच.

कुटुंबाच्या दृष्टीनें पदवी हा एक प्रपंचाचा व्यवहार होता, आणि त्याचें सर्वांत हृद्य उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांचें आहे. वडील लवकर वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतून आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणाकडे पाठविले. गोपाळराव १८८४ सालीं गणित घेऊन एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. घरच्या अपेक्षेप्रमाणें आतां एखादी चांगली सरकारी जागा, नाहीं तर वकिली, आणि भावाच्या कष्टांची फेड, असा क्रम व्हावयाचा. त्याऐवजीं ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले आणि मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. पगार पुढें रुपये पंचाहत्तर, मुदत वीस वर्षें. फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणित शिकविलें, इंग्रजी शिकविलें, मग इतिहास व अर्थशास्त्र शिकविलें. जो विषय घेऊन ते पदवीधर झाले त्याचें अंकगणिताचें पाठ्यपुस्तक त्यांनीं लिहिलें खरें. परंतु कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावरचीं जीं भाषणें त्यांनीं केलीं त्यांचा विषय त्यांनीं पदवीनंतर कमावला होता. गणितानें त्यांस आंकड्यांची भीति ठेवली नाहीं, एवढा उपकार मात्र त्या पदवीचा मानला पाहिजे.

त्याच संस्थेच्या पायाशीं आणखी दोन पदवीधर आहेत. टिळक गणितांत पहिल्या वर्गानें बी. ए. झाले, एम. ए.चा नाद त्यांनीं सोडला, आणि १८७९ सालीं एल्‌एल्. बी. झाले, पण ती वकिली पोटासाठीं चालविण्याचा विचार त्यांनीं ठेवला नाहीं. आगरकरांची गोष्ट सर्वश्रुत आहे. अत्यंत गरिबींत शिकलेल्या या मुलानें एम. ए.च्या उंबरठ्यावर असतांना आईला लिहून कळविलें कीं, आतां मुलगा मोठ्या पगाराचा होईल अशी आशा तिनें धरूं नये. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून तो आपला वेळ लोकांच्या हितांत घालविणार आहे. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज. या तिघांच्या घरच्या वहीवर पदवीचा व्यवहार तोट्याचाच लिहिला गेला असेल. समाजाच्या वहीवर मात्र तो अजून जमेच्या बाजूस आहे. एकाच पदवीचा हिशेब दोन वह्यांत इतका निराळा कसा निघतो, याचा विचार आम्हीं पुढें करूं. तूर्त एवढेंच म्हणतों कीं, त्यागाची थोरवी गातांना त्या त्यागाचा भार गोविंदरावांसारख्या भावांवर व आगरकरांच्या आईसारख्या मातांवरहि पडला होता, हें विसरतां कामा नये.

पदवीचा खर्च कोण देतो, हा प्रश्न त्याच काळांत एका निराळ्या दिशेनें उभा राहिला. १८८२ सालीं हंटरसाहेबाच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-कमिशन बसलें. त्यापुढें जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन दिलें. सरकारचा महसूल बहुतांशीं शेतांत राबणाऱ्या रयतेच्या घामांतून येतो. आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होऊन रयतेचीं मुलें मात्र साध्या लिहिण्यावाचण्यालाहि मुकतात, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. याच निवेदनांतील आणखी एक सूचना फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. घरीं अभ्यास करणाऱ्यांस प्रवेशपरीक्षेस बसूं देतात, तीच सवलत बी. ए., एम. ए. सारख्या परीक्षांसहि द्यावी, म्हणजे कॉलेजचा खर्च न झेपणारे पुष्कळ तरुण घरीं अभ्यास करून पुढें येतील, असें त्यांनीं सुचविलें. या सूचनेचें मर्म असें कीं, युनिव्हर्सिटी जर केवळ परीक्षाच घेणार, तर परीक्षेच्या मांडवांत शिरण्यासाठीं श्रीमंतीची अट कां असावी? आज मुक्त विद्यापीठें आणि बाहेरून परीक्षेस बसण्याच्या सोयी झाल्या आहेत. त्या कल्पनेचें बीज आमच्याच प्रांतांत, इतक्या मागें पडलेलें होतें.

येथें कोणी म्हणेल कीं, पदवीशिवाय मोठीं झालेलीं माणसें कांहीं थोडीं नाहींत. नाहींतच. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे कोंकणांतील मुरूडचे. ट्रेनिंग कॉलेजांत शिकून शिक्षकाची नोकरी करीत राहिले. कॉलेजची पदवी त्यांस नव्हती. पण १८९६ सालीं त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं रॉबर्ट सिवेल यांच्या बरोबर लिहिलेला पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथहि. त्या विषयावर लिहिणाऱ्याला आजहि दीक्षितांस वगळून पुढें जातां येत नाहीं. हरि नारायण आपटे कॉलेजांत गेले, पदवी न घेतां बाहेर पडले, आणि मराठी कादंबरीला त्यांनीं वळण लावलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. स्कुलांत गेले, डोळ्यांस रंगांचा भेद नीट कळत नाहीं असें आढळल्यामुळें तो मार्ग सुटला, आणि ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. तें शिक्षण घेऊन त्यांनीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविण्याची नोकरी केली, पुढें ती सोडून बेळगांवास सायकलींच्या धंद्यांत लक्ष घातलें, मग कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. हातून निसटलेला पहिला विषय हा त्यांच्या बाबतींत दैवाचा घाला ठरला नाहीं.

परंतु या उदाहरणांचा उपयोग जपून केला पाहिजे. दीक्षितांच्या पाठीशीं शिक्षणखात्याची नोकरी होती, किर्लोस्करांस हाताला कसब आणि बरोबर भाऊ होता. शिवाय अशा माणसांचीं चरित्रें लिहिलीं जातात. पदवीवांचून जे खालींच राहिले त्यांचीं कोणी लिहीत नाहीं. पदवी निरर्थक आहे असें मोठ्यानें सांगणाऱ्यांच्या घरीं बहुधा दोन-तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात. ज्याच्या घरांत पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढतो, त्याच्या तोंडून हें वाक्य क्वचितच ऐकूं येतें.

या गोष्टीचें सर्वांत मोठें प्रमाण भीमराव आंबेडकर यांचें आयुष्य होय. शाळेंत त्यांस संस्कृत शिकावयाचें होतें. जातीमुळें तो विषय त्यांस नाकारण्यांत आला आणि फारशी घ्यावी लागली. विषय निवडण्याचा हक्क किती जणांस कधीं मिळालाच नाहीं, हें या एका गोष्टींत आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाल्यावर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटींत गेले आणि अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन १९१५ सालीं एम. ए. झाले. १९१७ सालीं शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत ते राहिले, तेथूनहि कांठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांस बाहेर काढलें. जगांतील एका श्रेष्ठ विद्यापीठाची पदवी त्या दिवशीं एका खोलीच्या भाड्याइतकीहि उपयोगी पडली नाहीं.

म्हणून ती पदवी व्यर्थ होती काय? आंबेडकरांनीं तसें मानलें नाहीं. त्यांनीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविलें, पैसा सांठविला, कांहीं मदत मिळविली, आणि पुन्हा लंडन गांठलें. तेथें १९२१ सालीं एम. एस्‌सी. आणि १९२३ सालीं डी. एस्‌सी. ही पदवी त्यांनीं मिळविली. त्याच वर्षीं रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. पुढें चलनाचा विचार करण्यासाठीं हिल्टन यंग कमिशन बसलें, तेव्हां त्यापुढें साक्ष देण्यास ते उभे राहिले. समाजानें दार लावलें तरी विद्येनें आंत शिरतां येतें, असें सोपें तात्पर्य आम्ही येथें काढीत नाहीं. दार लावणारांचा दोष त्यामुळें कमी होत नाहीं. पण ज्याच्यापाशीं कुळ, जमीन, ओळख यांपैकीं कांहींच नाहीं, त्याला आपली योग्यता परक्याच्याहि तोंडून वदविण्याचें दुसरें साधन नव्हतें, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं. त्यांनीं स्वतः १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें, यांतच त्यांचें उत्तर आहे.

स्त्रियांच्या बाबतींत हा हिशेब आणखी निराळा दिसतो. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजांतून पदवीधर होऊन ऑक्सफर्डास गेल्या. १८९२ सालीं त्यांनीं तेथें कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड स्त्रियांस पदवी देत नसे. तो नियम १९२० सालीं बदलला, तोंवर विद्या हातांत आणि पदवी कपाटांत, अशी त्यांची अवस्था होती. आनंदीबाई जोशी यांचें याच्या उलट झालें. स्वतःचें तान्हें मूल दगावल्यावर त्यांनीं वैद्यकाचा विषय निवडला, १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फियास एम. डी. पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या निवर्तल्या. त्या पदवीनें एकाहि रोग्याची नाडी पाहण्याइतका अवसर येथें त्यांस मिळाला नाहीं. तरीहि ती व्यर्थ गेली असें म्हणण्याचें धाडस कोण करील?

धोंडो केशव कर्वे यांनीं तर जाणूनबुजून बाजारांत न चालणारी पदवी काढली. १९१६ सालीं त्यांनीं पुण्यास महिला विद्यापीठ स्थापिलें. कॉलेजांत आरंभीं विद्यार्थिनी पांच. शिक्षण मातृभाषेंतून. सरकारची मान्यता नाहीं, म्हणून त्या पदवीवर सरकारी नोकरीचा आधार नाहीं. त्या वेळीं पुष्कळांनीं विचारलें असेल कीं, असल्या पदवीचा उपयोग काय? सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पुढें पंधरा लक्षांची देणगी दिली, संस्था वाढली, आणि कायद्याची मान्यता तिला १९५१ सालीं मिळाली. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या स्त्रिया तेथें शिकल्या त्यांनीं शिक्क्यासाठीं विद्या थांबविली नाहीं.

आतां आजच्या बापांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगून हीं उदाहरणें संपवितों. मुंबईचा एक हुशार तरुण १९२७ सालीं केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकण्यास गेला. शिकून यावें आणि टाटांच्या पोलाद-कारखान्यांत लागावें, असा घरचा बेत. मुलाचें मन लागलें पदार्थविज्ञानांत आणि गणितांत. त्यानें वडिलांस तसें लिहिलें. वडिलांनीं रागावून नकार दिला नाहीं, आणि लगेच होकारहि दिला नाहीं. आधीं यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण हो, मग गणिताचा खर्च मी देतों, असा त्यांनीं करार केला. मुलानें १९३० सालीं ती परीक्षा पहिल्या वर्गांत दिली, १९३२ सालीं गणिताचीहि तशीच दिली. हा मुलगा म्हणजे होमी भाभा. १९४५ सालीं त्यांनीं टाटांच्या साहाय्यानें मूलभूत संशोधनाची संस्था उभारली, आणि पुढें देशाच्या अणुकार्यक्रमांत त्यांस यंत्र आणि गणित हीं दोन्हीं उपयोगीं पडलीं. अर्थात् असा करार करण्यास हातांत पैसा लागतो, हें खरें. पण मुलाचें म्हणणें ऐकून घेण्यास पैसा लागत नाहीं.

या सर्व इतिहासावरून काय दिसतें? आम्हांस असें दिसतें कीं, 'पदवीचा उपयोग आहे काय' हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत, आणि आपण ते एकांत एक मिसळतों म्हणून उत्तर सांपडत नाहीं. पहिला प्रश्न उदरनिर्वाहाचा. येथें पदवीचा भाव तिच्या दुर्मिळतेवर आणि जागा वांटणाऱ्यांच्या मर्जीवर ठरतो. १८६२ सालीं चौघांपाशीं असलेली वस्तु आज घरोघर आहे, तेव्हां तिचा बाजारभाव तोच राहील ही अपेक्षा व्यर्थ आहे. आज ज्या शाखेला गर्दी आहे, तिच्यांतून मूल चार वर्षांनीं बाहेर पडेल तेव्हां त्या गर्दीनेंच तिचा भाव उतरविलेला असेल, असेंहि घडतें. दुसरा प्रश्न विद्येचा. येथें पदवीनें सुरुवात होते, शेवट होत नाहीं. गोखल्यांचें अर्थशास्त्र आणि भांडारकरांचें संस्कृत परीक्षेच्या यादीबाहेर कमावलेलें होतें. तिसरा प्रश्न प्रतिष्ठेचा, म्हणजे ज्यांचा शब्द कोणी ऐकत नाहीं त्यांस ऐकून घेण्याची जागा मिळण्याचा. हा प्रश्न सर्वांस सारखा नाहीं. ज्यांच्यापाशीं ती जागा पिढीजात आहे त्यांनीं तो हलका मानूं नये.

विषयाच्या निवडीबद्दल सांगावयाचें तर, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें चार वर्षांच्या पदवीची आणि मुख्य व गौण विषय निवडण्याची मोकळीक पुढें ठेवली आहे. रानड्यांच्या पिढीला जी निवड स्वप्नांतहि नव्हती ती आजच्या मुलामुलींच्या हातीं येत आहे. पण निवड करण्याची संवय घरांत लागावी लागते. ज्या मुलाला दहावीपर्यंत कोणत्या रंगाचा सदरा घालावा हेंहि कोणी विचारलें नाहीं, त्याला अठराव्या वर्षीं एकदम जन्माचा विषय निवडावयास सांगणें हा न्याय नव्हे. आणि चुकून एखादा विषय न मानवला, तर किर्लोस्करांप्रमाणें दुसऱ्या वाटेला लागण्यांत नामुष्की नाहीं, हेंहि मुलाला आधींच सांगून ठेवावें.

आमचें मत विचाराल तर पदवी घ्यावी. विशेषतः ज्यांच्या घरांत ती अजून आलेली नाहीं त्यांनीं अवश्य घ्यावी. परंतु कर्ज काढून घेतांना ती कोणत्या प्रश्नाचें उत्तर म्हणून आपण घेत आहों, हें घरांतल्या सर्वांनीं एकदां बसून स्पष्ट बोलावें. पोटासाठीं घेत असाल तर शाखेच्या नांवाकडे न पाहतां त्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलांकडे जाऊन चौकशी करा. विद्येसाठीं घेत असाल तर तेथें शिकविणारे कोण आहेत तें पाहा, आणि ग्रंथालय किती वेळ उघडें असतें तें विचारा. प्रतिष्ठेसाठीं घेत असाल तर तसें मोकळ्या मनानें कबूल करा, म्हणजे पुढें मुलाच्या पगारावरून त्याला बोल लावण्याची वेळ येणार नाहीं. आणि या घरच्या बैठकींत ज्याच्या आयुष्याची गोष्ट चालली आहे त्याला आधीं बोलूं द्यावें; मामांचीं उदाहरणें मागाहून ऐकलीं तरी चालतील.